लाकडी इमारत रंगवायची कशी: टेबलावरच्या युद्धखेळासाठी एक इटालियन शेतघर

टेबलावरच्या युद्धखेळात लोक आपल्या चिमुकल्या सैनिकांच्या रंगकामावर महिने घालवतात. एकेका नाईकाच्या पट्ट्याचं बक्कल रंगवतात, आणि मग तेच सैनिक जळक्या कडांच्या, तपकिरी, कोऱ्या खोक्यांच्या आड उभे करतात. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीच्या, सुट्या भागांच्या किटमधून येणाऱ्या इमारती स्वस्त पडतात, एका संध्याकाळी जोडून होतात, आणि जोडून झाल्या की खेळ सुरू करता येतो. त्यामुळे रंगकाम ‘पुढच्या रविवारी’वर जातं ते जातंच. खरं तर इमारत रंगवणं हे सैनिक रंगवण्यापेक्षा सोपं काम. ब्रश मोठा, रंग मोजके, हात थोडा हलला तरी बिघडत नाही. अवघड आहे ते रंगाच्या आधीचं. लाकडाची पट्टी ही लाकडाची पट्टी दिसू नये, एवढं साधलं की रंग निम्मं काम आपोआप करतो. म्हणून या लेखात रंगाचा डबा जरा उशिराच उघडणार आहे.

उदाहरणाला घर घेऊ इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं, साल १९४४, महिना जुलै. कारण सरळ आहे. १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी ठरले. तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. मराठी खेळाडूला दुसऱ्या महायुद्धाचं टेबल मांडायचं तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लढाईआधी हे खोरं आठवावं, असं माझं मत.

घराचा नमुना साधा. दोन मजले, खाली गोठा, वर कुळाचं बिऱ्हाड. बाहेरून दगडी जिना, छपराला अर्धगोल कौलं, शेजारी खळं. सारिसा प्रिसिजन, टीटी कॉम्बॅट, वॉरबेसेस अशा ब्रिटिश कंपन्या एमडीएफच्या इमारती विकतात. टपालखर्च परवडत नसेल तर पुणे-मुंबईत लेझर कटिंगची दुकानं भरपूर आहेत, फाइल दिली की कापून मिळतं. पुढची कृती दोन्हीला लागू आहे.

माप डोक्यात ठेवा

२८ मिलीमीटरचे सैनिक धरले तर प्रमाण साधारण १:५६ पडतं. म्हणजे खरा एक मीटर इथे १८ मिलीमीटर, दोन मीटरचं दार ३६ मिलीमीटर. सैनिकाच्या पायाखाली चकतीची दोन-तीन मिलीमीटर जाडी असते, म्हणून दार चाळीसच्या आसपास असलं तर बरं दिसतं. हा हिशोब फक्त दारापुरता नाही. बरेच जण भिंतीला गिलाव्याचा खरखरीतपणा यावा म्हणून वाळू चिकटवतात. अर्ध्या मिलीमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात २८ मिलीमीटरचा होतो. म्हणजे भिंतीतून खडी डोकावते आहे! गिलावा बारीक भुकटीचा हवा, वाळू जमिनीसाठी ठेवा.

सामान

फेव्हिकॉल, धारदार कटर, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप. तयार मिळणाऱ्या अॅक्रिलिक पुट्टीचा सर्वांत लहान डबा. फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. रंगांत पांढरा, पिवडी, काव किंवा बर्न्ट सिएना, गडद तपकिरी आणि काळा, एवढे अॅक्रिलिक पुरतात. कॅमलचे किंवा फेविक्रिलचे चालतील. सैनिकांसाठी आणलेल्या महागड्या बाटल्या भिंतींवर ओतायचं काही कारण नाही. पोस्टर कलर मात्र घेऊ नका. वाळल्यावरही ते पाण्याने सुटतात, आणि आपण पुढे त्यावर पातळ रंगाचे धुवट हात देणार आहोत. दोन इंची जुना ब्रश, एक मध्यम चपटा, एक बारीक, आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. हार्डवेअरच्या दुकानात पिवडी आणि गेरूची सुकी भुकटी मिळते, ती शंभर-शंभर ग्रॅम आणून ठेवा. शिवाय अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि आत बारीक लाटांसारख्या नाळ्या असलेल्या पुठ्ठ्याचा एखादा खोका रद्दीत टाकू नका.

१. पाटीवर असतानाच

किटमधले भाग ज्या फळीतून कापले त्या पाटीतच अडकलेले असतात. ते एकदम मोडून काढायची घाई करू नका. खिडक्यांच्या चौकटी, झडपा, दार असे बारीक भाग पाटीला धरलेले असतानाच रंगवून टाकायचे. सुटे झाल्यावर चिमट्यात धरून रंगवण्यात कपाळावर आठ्या पडतात.

मोठे भाग काढताना मागची अडकण कटरने छाटा. ओढलंत तर पापुद्रा सुटतो. मग सगळं घर गोंदाशिवाय एकदा जोडून पाहा, कोणती भिंत बाहेरून येते, मजल्याची फळी कुठे बसते, छप्पर सहज निघतं का. छप्पर आणि वरचा मजला सुटाच ठेवायचा आहे, सैनिक आत शिरतात तेव्हा हात घालावा लागतो. रंगाचे चार थर चढल्यावर प्रत्येक फट थोडी आवळते. म्हणून सुटे राहणारे भाग आत्ताच पॉलिश पेपरने घासून सैल करून ठेवा.

लेझरने जळालेल्या कडांवर काजळी असते. ती बोटांना लागते आणि बोटांची भिंतीला लागते. कडा हलक्या हाताने घासा, किंचित ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडं फडकं फिरवा. नाकावर मास्क हवाच. एमडीएफ म्हणजे लाकडाचा चुरा आणि फॉर्मल्डिहाइडची राळ, त्याची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. हे काम बाल्कनीत करावं.

२. आतून आधी, मग जोडणी

छप्पर उचललं की खोली दिसते, म्हणून आतल्या बाजू जोडण्याआधी रंगवा. उंब्रियातल्या शेतघरात आत चुन्याचा हात असायचा, चुलीपाशी धुराने काळवंडलेला. मळकट पांढऱ्याचा एक हात आणि चुलीच्या जागी वर निमुळता होत जाणारा धूर, बस. जिथे गोंद लागणार त्या खाचांवर मास्किंग टेप लावा. गोंदाला उघडं लाकूड हवं.

आतून रंग देण्याचं आणखी एक कारण आहे. पाण्याचा रंग एकाच बाजूने दिला की दोन मिलीमीटरची पट्टी पापडासारखी वळते. दोन्ही बाजूंना दिला की ताण सारखा होतो.

जोडायला फेव्हिकॉलच. फेविक्विकने पटकन उभं राहतं, पण कोपरा काटकोनात आणायला सवड मिळत नाही. चार भिंती उभ्या करून रबर बँड लावा, गुण्याने कोन तपासा आणि रात्रभर ठेवा. पावसाळ्यात कोकणपट्टीत असाल तर एक दिवस जास्त द्या.

३. भिंत जाड करा

इथे नवखा माणूस रंगाकडे धावतो. थांबा.

दगडमातीच्या जुन्या घराची भिंत अर्धा मीटर तरी जाड असते, म्हणजे आपल्या मापात नऊ-दहा मिलीमीटर. किटची भिंत तीनची. खिडकीतून ती जाडी दिसते, आणि पातळ कड दिसली की कितीही सुंदर रंगवलेलं घर खोकं वाटतं. उपाय स्वस्त आहे. खिडकी-दाराच्या भोकांच्या आतल्या कडेला फोमबोर्डच्या पाच मिलीमीटर पट्ट्यांची चौकट चिकटवा, म्हणजे फक्त तिथे भिंत आठ मिलीमीटरची होते. संपूर्ण भिंत जाड करायची गरज नाही. खिडकीची लाकडी चौकट या जाडीच्या आत, मागे सारून बसवा. सावली पडायला जागा मिळते, आणि ती सावली कोणत्याही रंगापेक्षा जास्त काम करते.

४. कोपरे आणि दगड

लेझर किट ओळखू येतं ते कोपऱ्यावरून. दोन भिंतींचे दाते एकमेकांत अडकलेले, तपकिरी-काळे-तपकिरी. नुसती पुट्टी भरली तर हाताळताना तिथेच तडा जातो. त्यापेक्षा कोपऱ्याचे चिरे लावा. खऱ्या घरांना ते असतातच. एक मिलीमीटर जाड पुठ्ठ्याचे सहा मिलीमीटर उंच तुकडे कापा, निम्मे आठ मिलीमीटर लांब, निम्मे बारा. खालून वर एकाआड एक रचत जा, एका भिंतीवर लांब तुकडा आला की दुसऱ्या भिंतीवर आखूड. तुकड्यांच्या कडा नखाने जरा दाबून गोलसर करा. हे वेळखाऊ आहे, पण कंटाळा करू नका. सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

मग गिलावा उडालेल्या जागा ठरवा. आज इंटरनेटवर टस्कनी-उंब्रियाच्या घरांचे फोटो शोधले तर सगळीकडे स्वच्छ उघडे दगड दिसतात. त्यातली बरीच घरं नंतर पर्यटकांसाठी गिलावा खरवडून, दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, नव्याने भरून सजवलेली आहेत. त्यापेक्षा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातले इटलीतल्या भारतीय सैन्याचे युद्धकाळातले फोटो बघा. फोटो काळे-पांढरे असले तरी गिलावा कुठून सुटतो ते नीट कळतं: जोत्यापासून गुडघाभर, वळचणीखाली, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांशी. भिंतीच्या ऐन मध्यात गोल ठिगळ सहसा नसतं.

अशा दोन-तीन जागांवर दगड लावा. अंड्यांच्या ट्रेचे पाच ते दहा मिलीमीटरचे तुकडे कटरने न कापता हाताने फाडा, फाटलेली कड दगडासारखी दिसते. फेव्हिकॉलने शेजारी-शेजारी बसवा, थर शक्यतो आडवे ठेवा. गवंडीसुद्धा मोठा दगड खाली आणि लहान वर ठेवतो, तेवढं पाळा.

५. लाखेचा हात

आता सगळ्यावर, पुठ्ठ्यासकट, पातळ फ्रेंच पॉलिशचा एक हात. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, फुगतात आणि त्यांना केसाळ लव येते. त्यावर थेट अॅक्रिलिक दिलं की चार हात दिले तरी रंग आत मुरतो आणि कड खरखरीत राहते. लाख स्पिरिटमध्ये असल्यामुळे लव उठवत नाही, आणि वाळतेही लवकर. वाळल्यावर ३२० नंबरचा कागद एकदा फिरवा. लाख नको असेल तर पांढरा वुड प्रायमर घ्या, काम तेच होईल, फक्त वास जास्त आणि वाळायला वेळ. दोन्हींसाठी खिडकी उघडी हवी, आणि जवळ देवघराचा दिवा किंवा गॅस नको.

६. गिलावा

अॅक्रिलिक पुट्टीत थोडा फेव्हिकॉल आणि चमचाभर पाणी घालून श्रीखंडाइतकी घट्ट करा. जुन्या ब्रशने एक पातळ थर ठोकत-ठोकत द्या. घासू नका, घासल्याने ब्रशचे ओरखडे उठतात. अर्धवट सुकली की ओल्या बोटाने हलकेच सपाट करा. पूर्ण गुळगुळीत करू नका, जुन्या भिंतीला लाटा असतात. वाळली की दुसरा थर. एकदम जाड थर दिला तर भेगा पडतात. भेग हवी असेल तर मात्र ती जाणूनबुजून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, खाली उतरती, टोकदार वस्तूने ओढा.

दगडांच्या ठिगळाभोवती गिलाव्याची कड उंच आणि तुटकी ठेवा. दगडावरून पुट्टी पुसून घ्या, पण फटींत राहू द्या, म्हणजे दरजा आपोआप भरल्या जातात.

७. भिंतीचा रंग

चुन्यात टिकतात ते मुख्यतः मातीचे रंग, कारण चुना अल्कधर्मी असतो आणि बाकीचे पुष्कळ रंग त्यात मरतात. म्हणून आपल्याकडे जशी पिवडी आणि काव, तसे इटलीत गेरवे, पिवळे, मातकट गुलाबी. ट्यूबवर लिहिलेला ‘सिएना’ हा तिथल्याच सिएना शहराजवळच्या मातीचा रंग. गर्द निळं किंवा पोपटी घर या खोऱ्यात उभं करू नका.

रंग निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. जुलैतले आपले सैनिक खाकी शर्ट आणि हाफपँटमध्ये आहेत. भिंतही पिवळट खाकी झाली तर तीन फुटांवरून सैनिक दिसेनासा होतो. भिंत सैनिकापेक्षा दोन छटा उजळ ठेवा आणि जरा गुलाबीकडे झुकवा. इमारत ही पार्श्वभूमी आहे, नजर सैनिकावर गेली पाहिजे.

पहिला हात गडद. पांढरा तीन भाग, पिवडी दोन, काव अर्धा आणि तपकिरीचा ठिपका. हा संपूर्ण भिंतीवर, फटींतसुद्धा. वाळल्यावर त्याच मिश्रणात पांढरा वाढवून स्पंजने ठिपके-ठिपके करत दुसरा हात द्या. स्पंज कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा. वळचणीखाली आणि जोत्याजवळ हात राखून लावा, खालचा गडद रंग तिथे उरला पाहिजे. तिसरा हात आणखी उजळ, फक्त भिंतीच्या मधल्या, उन्हाने विटलेल्या भागावर. तीन हातांमध्ये छटेचा फरक थोडाच ठेवा. जवळून ठिपके दिसतात, दोन हात लांबून भिंत नुसती जुनी वाटते.

दगडांना आधी तपकिरी-राखाडीचा एकसंध हात. मग चारातला एक दगड पिवडीकडे झुकणारा, एखादा पारवा, एखादा जवळजवळ पांढरा. शेवटी तपकिरी रंग आठ-दहा पट पाण्यात पातळ करून, त्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून सगळ्या दगडांवर सोडा. साबणामुळे पाणी फटीत शिरतं, वर डबकं करत नाही. वाळल्यावर सुक्या ब्रशने मळकट पांढरा फक्त उंचवट्यांवरून फिरवा. सुका ब्रश म्हणजे खरोखर सुका: रंगात टेकवला, कागदावर पुसला, पुन्हा पुसला, आणि ‘आता काहीच उरलं नाही’ असं वाटल्यावर भिंतीला लावला.

८. कौलं

किटबरोबर छपरासाठी बहुधा लेझरने रेघा कोरलेली सपाट फळी येते. ती रंगवून काही हाती लागत नाही. इटालियन कौल म्हणजे कोकणातल्या जुन्या घरांवर असायचे तसले नळे, एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. मंगलोरी कौलाचा सपाटपणा त्याला नाही. एका नळ्याची रुंदी पंधरा-वीस सेंटिमीटर, आपल्या मापात सुमारे तीन मिलीमीटर. बारीक नाळ्यांच्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे मोबाइलच्या किंवा पिझ्झाच्या पातळ खोक्याच्या नाळ्या जवळपास एवढ्याच अंतरावर असतात. दुकानातल्या मोठ्या खोक्याच्या नाळ्या दुप्पट रुंद, त्या चालणार नाहीत.

पुठ्ठ्याचा वरचा कागद जरा ओला करून सोलून काढा, नाळ्या उघड्या होतील. वाळू द्या. मग नाळ्यांना आडव्या आठ मिलीमीटर रुंद पट्ट्या कापा. वळचणीपासून सुरुवात करून एकेक पट्टी चिकटवत आढ्याकडे जा, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर दोन मिलीमीटर चढवून. नाळ्या खालच्या नाळ्यांशी जुळवा, पण फूटपट्टी लावून नको. मधूनच एखाद्या कौलाची खालची कड कापा, एखादं उचलून तिरकं करा, एखादं काढून टाका. तोफखान्याचा मारा सुरू असलेल्या खोऱ्यात अखंड छप्पर संशयास्पद दिसतं. आढ्यावर जाड कागदाच्या अर्धगोल गुंडाळीचे तुकडे बसवा. पूर्ण झालं की लाखेचा हात, नाहीतर पुठ्ठा पहिल्याच रंगाने मऊ पडेल.

रंगाची सुरुवात गडद तपकिरी आणि काव समप्रमाणात घेऊन. सगळ्या खळग्यांत पोचवा. मग काव आणि पिवडी मिसळून सुक्या ब्रशने नाळ्यांच्या पाठी उजळा, ब्रश नाळ्यांना आडवा फिरवायचा. आता खरी मजा. तीन छोट्या वाट्यांत तीन छटा करा: फिकट गुलाबी, मातकट पिवळी, राखाडी-तपकिरी. बारीक ब्रशने इकडेतिकडे सुटी कौलं रंगवा, पाचात एक पुरे. दोन सारखी शेजारी आली तरी चालतं, पण बुद्धिबळाचा पट होऊ देऊ नका. वर पातळ तपकिरीचा धुवट हात, आणि वाळल्यावर अगदी फिकट बदामी सुका ब्रश. शेवटी स्पंजच्या टोकाने राखाडी-पिवळसर ठिपके, मुख्यतः उत्तरेच्या उतारावर. ते दगडफुलासारखं दिसतं. कोकणातल्यासारखं हिरवंगार शेवाळ मात्र लावू नका, तिथला जुलै कोरडा असतो.

९. दारं आणि झडपा

हे पाटीवरच झालेलं असेल. नसेल तर: आधी राखाडी-तपकिरी लाकूड, वर स्पंजने विटका हिरवा, तोही अर्धामुर्धा, म्हणजे खालचं लाकूड जागोजागी दिसतं. गोठ्याच्या दाराला रंग नको, नुसतं उन्हाने राखी पडलेलं लाकूड. काही झडपा उघड्या, एक-दोन बंद, एखादी एकाच बिजागरीवर लोंबती.

१०. पाऊस, धूळ आणि गोळ्या

खिडकीच्या उंबऱ्यावरून पावसाचं पाणी मधून नाही, दोन्ही टोकांवरून ओघळतं. भिंत किंचित ओली करा, टोकाशी पातळ तपकिरीचा थेंब ठेवा आणि स्वच्छ ओल्या ब्रशने खाली ओढा. वर ठळक, खाली विरत गेलेला. जिथे लोखंडी कडी आहे, उदाहरणार्थ गोठ्याच्या दाराशी बैल बांधायची, तिच्याखाली कावेचा असाच ओघळ.

पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडतं ते साधारण एक मीटरपर्यंत. म्हणजे जोत्यापासून अठरा मिलीमीटर. एवढ्या पट्ट्यात पिवडी आणि गेरूची सुकी भुकटी मऊ ब्रशने चोळा, वरची कड बोटाने पुसून अस्पष्ट करा. भुकटी अॅक्रिलिकच्या खरखरीत थरावर छान धरते.

गोळ्यांच्या खुणांबाबत नवखे लोक हमखास काळा रंग घेतात. गोळी लागली की गिलावा उडतो आणि आतला ताजा, न मळलेला चुना उघडा पडतो. म्हणजे खूण भिंतीपेक्षा उजळ हवी. हातड्रिलने उथळ खड्डा करा, टोकाने कड थोडी टवका उडाल्यासारखी तोडा, आत मळकट पांढरा आणि खालच्या कडेला बारीक गडद रेघ. खुणा झुबक्याने येतात, मशीनगनची फैर असते ती: खिडकीभोवती सात-आठ, बाकी भिंत जवळपास स्वच्छ. कारण नेमही खिडकीवरच धरलेला असतो. काळा रंग फक्त आग लागलेल्या खिडकीच्या वर, ज्वाळेच्या दिशेने चढत गेलेला. सगळ्या खिडक्यांवर काजळी लावली तर घर जळलेलं दिसत नाही, मळलेलं दिसतं.

११. घराभोवतीची जमीन

घर तीन मिलीमीटरच्या एमडीएफच्या पाटावर बसवा, पाटाच्या कडा उतरत्या घासा. भोवती फेव्हिकॉलवर बारीक वाळू, गडद तपकिरीचा हात, मग पिवडी-पांढऱ्याचा सुका ब्रश. वाळूवर फेव्हिकॉलचं पाणी सोडायला विसरू नका, नाहीतर पहिल्या खेळातच सगळी टेबलावर. वाटा फिकट, जवळपास पांढरट. जुलै हा गव्हाच्या मळणीचा महिना. घरापुढे खळ्याची सपाट जागा आणि एका बाजूला मधल्या खांबाभोवती रचलेली गवताची गंजी. गंजीसाठी काथ्या बारीक कातरून शंकूवर चिकटवायचा. खेळातही ती कामाची, तिच्याआड माणूस लपतो पण गोळी अडत नाही.

१२. वरचा मॅट हात

खेळताना इमारत सैनिकांपेक्षा जास्त हाताळली जाते, म्हणून वार्निश लागतंच. मॅट घ्या. चकाकणारी भिंत प्लॅस्टिकची दिसते. स्प्रे घेणार असाल तर भर पावसाळ्यात फवारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरट साय धरते, विशेषतः गडद कौलांवर. तेव्हा ब्रशने लावायचं पाण्याचं मॅट वार्निश बरं. सुकी भुकटी वापरली असेल तर ब्रश घासू नका, टेकवत जा. वार्निशखाली भुकटी थोडी गडद होते, म्हणून ती आधीच जरा सढळ हाताने लावलेली बरी. छप्पर आणि मजला सुटा करून वेगवेगळा वाळवा. एकत्र वाळवले तर ते कायमचे एक होतात.

पहिलं घर असं पूर्ण करा. त्यानंतर मात्र एकेक नको, तीन-चार घरं एकत्र घ्या. एकच मिश्रण सगळ्यांना पुरतं आणि गाव एका मातीतलं दिसतं. भिंतीच्या छटा घरागणिक किंचित बदला, कौलं सगळ्यांना तीच ठेवा. एकाच वीटभट्टीची असणार.

याच किटमधून पुढे इटलीतल्याच सेनिओ नदीकाठचं घरही करता येतं. तिथे ९ एप्रिल १९४५ रोजी मराठ्यांच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, जखमी सोबत्यांना नदीपलीकडे पोचवून परत फिरले, मशीनगनची तीन ठाणी त्यांनी मोडून काढली, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तो मुलूख सपाट, नदीचे बांध उंच. अंड्यांच्या ट्रेचे दगड तिथे लावू नका. गिलाव्याखाली विटा दाखवा, पातळ पुठ्ठ्याचे चार मिलीमीटर लांब, एक मिलीमीटर उंच तुकडे. त्या विटांना कावेत थोडा पांढरा मिसळा. छपराच्या निम्म्या फळीवर कौलं चिकटवूच नका, तिथे काड्यांचे वासे उघडे ठेवा आणि पडलेल्या कौलांचा ढीग खाली भिंतीला लागून रचा. ढीग आधी रंगवून मग चिकटवलात तर भिंतीला डाग पडत नाहीत.